अकरा सेकंद

“सर, कार्ट मागवू या का? बॅटरी उतरलेली दिसतेय,” उजव्या सीटवरून को-पायलट म्हणाली.

मागे विमानाचे मालक, शेठ, येऊन बसले होते. त्यांची बैठक होती आणि दोनदा घड्याळ बघून झालं होतं. त्यांची वाट बघताना केबिन थंड राहावी म्हणून आम्ही अर्धा तास पंखे चालू ठेवले होते, त्यातच बॅटरीने मान टाकली होती. बाहेरून वीज देणारी कार्ट विमानतळाच्या दुसऱ्या टोकाहून यायची. म्हणजे पंधरा मिनिटं.

“होईल यावर,” मी म्हणालो आणि उजव्या इंजिनाचं बटण दाबलं.

इंजिन फिरायला लागलं, पण रडतखडत. पुरेसा वेग आल्याशिवाय इंधन सोडायचं नाही, हा आमचा अगदी पहिला धडा. एकोणतीस वर्षं मी तो पाळला होता. त्या सकाळी वेग जेमतेम निम्म्यावर आला आणि माझ्या हाताने लिव्हर पुढे केला. इंधन पेटलं, हवा पुरेना. टेंपरेचरचा काटा सरसर चढला आणि लाल रेषा ओलांडून गेला.

“सर, लाल.”

“उतरेल.”

“सर, उतरत नाहीये.”

मी लिव्हर मागे ओढून इंधन तोडलं. इंजिन नुसतंच फिरवत ठेवून थंड केलं. मग कार्ट मागवावीच लागली आणि ती पंधरा मिनिटंही गेलीच. शेठ पुढे डोकावून म्हणाले, “काय झालं, कॅप्टन?”

“बॅटरी नीट चार्ज केलेली नव्हती,” मी म्हणालो.

विचारही करावा लागला नाही, इतकं सहज ते तोंडून गेलं. बॅटरीचं काम आमच्या इंजिनिअरचं, मिस्त्रींचं होतं, आणि मिस्त्रींनी ते आदल्या दिवशीच चोख केलेलं होतं.

शेठ जागेवर गेल्यावर को-पायलटने लॉगबुक मांडीवर घेतलं, पेनाचं टोपण काढलं. हे लिहिलं की विमान जागच्या जागी उभं. इंजिन तपासून झाल्याशिवाय हलायचं नाही. विमान जुन्या घडणीचं, टेंपरेचर आपोआप नोंदवणारं यंत्र त्यात नव्हतं. आम्ही लिहू तेवढंच खरं.

“राहू दे. रेषेला नुसतं शिवून आलं,” मी म्हणालो.

“अकरा सेकंद होतं, सर.”

“माझी एवढी वर्षं गेली यात. काही होत नाही.”

तिने टोपण लावलं. तिच्या कॅप्टनच्या परीक्षेच्या कागदांवर माझी सही व्हायची होती. ते तिला माहीत होतं आणि मलाही. वर गेल्यावर उजवं इंजिन डाव्यापेक्षा गरम चालतंय हे दोघांनाही दिसलं. मी उजवा लिव्हर केसभर मागे घेतला. दोन्ही काटे एका रेषेत आले. त्यानंतर आम्ही हवामानाखेरीज काही बोललो नाही.

पुढचे दहा दिवस त्याच इंजिनावर मी माणसं नेली आणि आणली.

अकराव्या दिवशी नेहमीच्या तपासणीत मिस्त्रींनी उजव्या इंजिनात कॅमेऱ्याची नळी घातली. लायसनधारी इंजिनिअर असूनही सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं. एकोणीस वर्षं त्यांनी माझी विमानं सांभाळली. मला सर्दी झालेली असली की शिडीजवळच ओळखायचे आणि म्हणायचे, “आज इंजिन ठीक आहे, पायलट ग्राउंड करावा लागेल.”

आतली पाती टोकाला जळलेली निघाली.

मॅनेजरने आम्हा तिघांना खोलीत बोलावलं. लॉगबुकात काही नव्हतं. पण त्या उड्डाणाच्या दोन दिवस आधी मिस्त्रींनी फिल्टर बदलून तेच इंजिन जमिनीवर एकट्याने चालवून पाहिलं होतं. त्यात शेठना आठवलं, की मध्यंतरी एकदा बॅटरी चार्ज न केल्यामुळे उशीर झाला होता. मॅनेजरने दोनात दोन मिळवले: निष्काळजी माणूस, उतरलेली बॅटरी, जळकं इंजिन, आणि वर लपवाछपवी.

मिस्त्री वाद घालत बसले नाहीत. फक्त माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, “कॅप्टन, तुम्हाला उडवताना काही दिसलं होतं का?”

“तसं काही आठवत नाही,” मी म्हणालो.

को-पायलट टेबलाच्या कडेकडे बघत होती. मिस्त्रींनी खिशातून आपला लायसन नंबरचा शिक्का काढला, रुमालाने पुसला आणि मॅनेजरसमोर ठेवला. चौकशी संपेपर्यंत त्यांनी घरी बसायचं ठरलं.

घरी बायकोला मी एवढंच सांगितलं, की मिस्त्री अडचणीत आलेत. ती म्हणाली, “अरे, मग भेटून ये ना. तुझ्या जिवाची काळजी वाहिली त्या माणसाने.” मी म्हणालो, वेळ मिळाला की जातो. दाढी करताना मी आरशात फक्त हनुवटीपुरतं बघायला शिकलो.

नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी सकाळी पार्किंगमध्ये को-पायलट माझ्या गाडीपाशी उभी होती.

“सर, मी साडेदहाला मॅनेजरना भेटतेय. सगळं सांगणार आहे. तुम्हाला आधी सांगावंसं वाटलं.”

“तुझी परीक्षा आहे पुढच्या महिन्यात.”

“हो,” ती म्हणाली. “मीही गप्प बसले होते, तेही सांगणार आहे.”

मी दहा वाजता मॅनेजरच्या खोलीत गेलो. तिच्या अर्धा तास आधी. सगळं सांगितलं: कार्ट, लिव्हर, अकरा सेकंद, शेठना मारलेली थाप. मॅनेजर म्हणाला, “चूक गंभीर आहे. पण स्वतःहून आलात, कॅप्टन. असं करायला छाती लागते. मी रिपोर्टमध्ये तसं लिहीन.”

मी मान हलवली. तीही खोटीच.

दुपारी मिस्त्रींकडे गेलो. दार त्यांच्या पत्नीने उघडलं. “या ना, भाऊजी. इतक्या दिवसांत हँगरमधलं कुणी फिरकलं नाही. तुम्ही तरी आलात, बरं वाटलं,” त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. मिस्त्री खिडकीजवळ शिलाई मशीन उलटं करून त्यात तेल घालत होते.

उभ्याउभ्याच मी बोललो. ते तेल घालत राहिले.

“मला माहीत होतं,” ते म्हणाले. “माझ्या हातून झालं नव्हतं, एवढं मला ठाऊक होतं. मग उरलं कोण?”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही म्हणालात, आठवत नाही. म्हटलं, एखादी रात्र जाईल आणि आठवेल.” त्यांनी बोटं फडक्याला पुसली. “जरा जास्तच रात्री गेल्या.”

मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली नाही आणि नाकारलीही नाही.

“आज कसे गेलात मग?” त्यांनी विचारलं.

खोटं बोलायची ताकद संपली होती. को-पायलट जाणार होती म्हणून गेलो, असं मी सांगितलं.

“हे सांगितलंत तिथे?”

“नाही.”

“मग अर्धंच झालं काम.”

आतून कपांचा आवाज आला. ते हळू आवाजात म्हणाले, “हिच्यासमोर आत्ता काही काढू नका. मी सांगेन माझ्या सवडीने. तुम्ही चहा घ्या आणि मग निघा.” त्यांच्या पत्नीने मला साखर पुरेशी आहे ना, असं विचारलं. मी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो. तेवढं तर करायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मॅनेजरकडे गेलो आणि उरलेलं अर्धं सांगितलं. तो वैतागला. “हे सांगितलं नसतं तरी चाललं असतं हो,” म्हणाला. मी उभाच राहिलो. मग त्याने रिपोर्ट पुढे ओढला, ‘स्वतःहून’ या शब्दावर आडवी रेघ मारली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. मी खाली सही केली.

माझं कॅप्टनपद एक वर्षासाठी गेलं. शेठनी दुसरा पायलट ठेवला. को-पायलटला लेखी समज मिळाली, परीक्षा सहा महिने पुढे गेली, आणि तिच्या कागदांवर सही दुसऱ्या कुणीतरी केली.

लॉकर रिकामा करायला गेलो त्या दिवशी मिस्त्री कामावर परतले होते. उजवं इंजिन काढून स्टँडवर ठेवलं होतं आणि ते नव्या इंजिनाच्या नळ्या जोडत होते. बाहेर जायची वाट त्यांच्या मागूनच होती. हातात खोकं घेऊन मी थांबलो. त्यांनी मान वर केली नाही, पायाने हत्यारांची पेटी थोडी बाजूला सरकवली.

“तेल सांडलंय तिथे,” ते म्हणाले. “जपून पाय टाका.”

मी जपून पाय टाकला आणि बाहेर पडलो.