शिट्टी न वाजलेला रविवार

मित्रांनो, मी पाच लिटरचा एक जुना प्रेशर कुकर आहे. इंदूरमध्ये, बडा गणपतीच्या मागच्या एका गल्लीत, तिमजली इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर माझे आयुष्य गेले. आता माझे झाकण वाकले आहे आणि माझ्यात कोणी काही शिजवत नाही. स्वयंपाकघराच्या माळ्यावर मी पालथा पडून असतो. भंगारात जाण्याआधी माझ्यावर आणि माझ्या माणसांवर काय गुदरले ते तुम्हाला सांगून टाकायचे आहे. ऐकताना भीती वाटली तर वाटू द्या. ती भीती उपयोगाची आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. अ‍ॅल्युमिनियमची गोल चकती यंत्राखाली दाबून माझे पोट घडवले. माझ्या झाकणावर मधोमध एक बारीक नळी बसवली आणि तिच्यावर शिट्टी. बाजूला बोटाच्या पेराएवढा एक वाल्व बसवला. आतली वाफ नळीतून बाहेर जाते. नळी कधी बुजली, तर वाल्वच्या पोटातला मऊ धातू वितळतो आणि वाफेला दुसरी वाट मिळते. शेवटी एका बाईने मला वाफेने भरून पाहिले, वाल्ववरचा कंपनीचा ठसा नीट वाचला आणि मग मला खोक्यात घातले.

शैलजाताईंच्या लग्नात त्यांच्या महूच्या भावाने मला भेट दिले. त्यांचे यजमान गोपीनाथराव पोलोग्राउंडच्या औद्योगिक भागातल्या, कापड रंगवण्याच्या एका छोट्या कारखान्यात बॉयलर सांभाळत. पुढे त्यांना प्राची झाली. तिला पहिला मऊ भात मीच शिजवून दिला. त्या वर्षांत माझ्यात कधी पुलाव व्हायचा, कधी राजमा, आणि पाहुणे आले की साबुदाण्याच्या वड्यांसाठी ढीगभर बटाटे. मी चकचकीत असे. दर वर्षी माझी रबराची रिंग बदलली जाई.

प्राची सहावीत असताना एका संध्याकाळी गोपीनाथराव घरी आले आणि चपला न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"शैलजा, उद्यापासून हफ्त्यात तीनच दिवस काम. ऑर्डरच नाही आहे."

शैलजाताई भाकरी थापत होत्या. त्यांचे हात थांबले नाहीत. "किती दिवस?"

"मालूम नाही."

"अच्छा," त्या म्हणाल्या. "प्राचीचं दूध बंद नाही होणार. बाकी मी बघते."

आणि मित्रांनो, त्यांनी खरोखरच बघितले. दर रविवारी प्राचीला शेजारी बसवून त्या आठवड्याचा स्वयंपाक ठरवू लागल्या. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे प्राची वार लिहायची आणि आई सांगायची. सोमवारी मूग आणि मसूर मिसळून वरण, कारण नुसती तूर महाग पडते. मंगळवारी उरलेल्या वरणात वरणफळे. शिळ्या पोळ्यांचा कुस्करा, शिळ्या भाताला फोडणी. फ्लॉवरचे देठ आणि मुळ्याचा पाला टाकायचा नाही, त्याची भाजी. मंडईत त्या दिवेलागणीला जात, कारण दुकान आवरताना भाजीवाले उरलेले वाटे स्वस्तात देतात. यादीत नसलेली वस्तू घरात येत नसे.

या सगळ्याच्या मधोमध मी होतो. माझ्या पोटात एकावर एक तीन डबे बसत. खाली डाळ, मध्ये तांदूळ, वर भोपळा किंवा बटाटे. डाळ सकाळीच भिजवलेली असे. एका ज्योतीवर सगळा स्वयंपाक होई, आणि दोन शिट्ट्यांनंतर गॅस बंद करून उरलेले काम त्या माझ्या वाफेवर सोपवत. गॅसची टाकी जवळजवळ दुप्पट दिवस पुरू लागली. एकाही दिवशी कोणी उपाशी उठले नाही.

खालच्या मजल्यावरच्या बेबी मावशी एकदा बघायलाच आल्या. "कमाल आहे बाई तुझी! एकाच चूल्ह्यावर पूरा खाना? आम्हाला पण शिकव ना!" मग इमारतीतल्या बायका येऊ लागल्या. शैलजाताई माझे झाकण उघडून डबे दाखवत आणि मी अभिमानाने वाफ सोडत असे. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत कौतुकाचे दिवस होते.

दीड वर्षाने कारखाना पुन्हा पूर्ण चालू झाला. गोपीनाथरावांना सहाही दिवस काम मिळू लागले. मला वाटले, आता हात जरा सैल होईल. पण शैलजाताईंच्या मनातली भीती गेली नव्हती. "परत बंद झालं तर?" असे त्या म्हणत आणि आणखी एक गोष्ट यादीतून कापत. आधी त्या काय वाचवता येईल ते विचार करून ठरवत. आता समोर येईल त्यात वाचवत. दोन्हींत किती फरक आहे, ते घरात कोणाच्या लक्षात आले नाही.

माझी रिंग कडक होऊन तडकली. कडेने वाफ निसटू लागली. त्यांनी रिंग बदलली नाही, झाकणाच्या कडेला कणकेची वळी लावली. मग एका सकाळी माझ्यात पाणी कमी पडले. मी तापलो, आणि माझ्या जुन्या वाल्वने आपले काम केले. तो वितळला. फुस्स करून वाफ निघाली, ओट्यावर डाळ उडाली, बस. कोणाला काही झाले नाही.

मला घेऊन त्या गल्लीत सायकलवर येणाऱ्या बाबूलाल भियांकडे गेल्या. भिया म्हणजे इंदुरी बोलीत भाऊ; ते कुकर आणि शेगड्या दुरुस्त करत. त्यांनी वाल्व पाहिला आणि म्हणाले, "भाभीजी, इसने आपको बचा लिया. कंपनी का नया डलेगा, और रिंग भी."

"थोडा सस्ता नहीं है क्या, भिया?"

"सस्ता है, पर मैं रखता नहीं. सब्जी में बचा लो, तेल में बचा लो. इसमें मत बचाओ."

शैलजाताई मला तसेच परत घेऊन आल्या. त्या शनिवारी आठवडी हाटात एका हातगाडीवर त्यांना वाल्व आणि रिंग दोन्ही मिळाले, निम्म्याहून कमी भावात. त्या घरी आल्या त्या खूश होऊन. "बघ प्राची, उगाच जास्त देणार होते मी!"

नवी रिंग जाड होती. ती इतकी घट्ट बसली की कडेने वाफेचा एक धागाही सुटेना. आणि तो नवा वाल्व! त्याच्यावर कुठलाच ठसा नव्हता. मी तापलो की तो माझ्या झाकणात नुसता बसून राही. काही दिवसांतच मला कळून चुकले, मित्रांनो, की त्याच्या पोटात वितळण्याजोगे काही नव्हतेच. तो एक भरीव खिळा होता. माझी दुसरी वाट कायमची बंद झाली होती. आता साऱ्या घराचा भार त्या मधल्या बारीक नळीवर होता.

आणि नळी हळूहळू भरत होती. डाळीचा फेस तिच्यात चढे आणि वाळून बसे. पूर्वी शैलजाताई तिच्यातून सुई फिरवत. आता त्यांना तेवढा वेळ नसे. माझी शिट्टी आधी कापरी झाली, मग बारीक झाली. एकदा प्राची म्हणाली, "आई, कुकरचा आवाज बीमार माणसासारखा येऊन राहिला आहे."

"जुना झाला आहे तो," शैलजाताई म्हणाल्या.

मला बोलता आले असते तर मी ओरडलो असतो. मला फक्त शिट्टी वाजवता येत होती, आणि तीही जात चालली होती.

मार्चमधला तो रविवार होता. प्राचीची आठवीची परीक्षा जवळ आली होती. शैलजाताईंनी माझ्यात दुधी घालून चण्याची डाळ लावली आणि झाकण बसवले. तेवढ्यात खाली भाजीची गाडी आली. पिशवी घेऊन जाता जाता त्या म्हणाल्या, "तीन सीटी झाल्या की बंद कर गं."

प्राची ओट्यापासून चार हातांवर, जमिनीवर पुस्तक घेऊन बसली. गोपीनाथराव बाहेरच्या खोलीत दाढी करत होते.

डाळ उकळली. डाळीत चुकून राहिलेले चण्याचे एक साल फेसाबरोबर वर आले आणि नळीच्या तोंडाशी जाऊन बसले. नळी बुजली. मी वाफ वर ढकलली, ती परत आली. कडेकडे ढकलली, रिंगने अडवली. वाल्वकडे ढकलली, तो हलला नाही. माझे पोट फुगू लागले. खालची ज्योत शांतपणे जळत होती.

पाच मिनिटे गेली. दहा गेली. प्राचीने एकदा मान वर करून पाहिले आणि पुन्हा पुस्तकात घातली. मग ती उठली. माझ्या अगदी जवळ आली आणि वाकून शिट्टीकडे पाहू लागली. तिचा श्वास माझ्या झाकणाला लागत होता.

"बाबा," तिने हाक मारली, "सीटी येतच नाही आहे. हलवून बघू का?"

गोपीनाथरावांचा हात थांबला. बावीस वर्षे त्यांनी वाफेचा आवाज ऐकत नोकरी केली होती. आवाज करणाऱ्या बॉयलरला ते भीत नसत. तापलेला बॉयलर मुका झाला, तर मात्र त्यांच्या अंगावर काटा येई. त्यांनी कान दिला. स्वयंपाकघरातून काहीच ऐकू येत नव्हते. ना शिट्टी, ना फुसफुस.

"हात नको लावू! हट तिथून!"

ते धावत आले. गालावर तसाच फेस होता. त्यांनी प्राचीचा दंड धरून तिला दाराबाहेर भिरकावले आणि वाकून गॅसच्या टाकीचे बटण फिरवले. ज्योत विझली. पण माझ्यात जे कोंडले होते ते आता कोणाचे ऐकणार नव्हते.

मी फुटलो.

माझे झाकण छताला आपटले आणि पंख्याचे पाते तोडून खाली आले. खिडकीची काच गेली. उकळती डाळ भिंतींवर, छतावर, आणि गोपीनाथरावांच्या उजव्या हातावर, मानेवर, पाठीवर पडली. शैलजाताई जिन्यातच होत्या. वर येऊन त्यांनी पाहिले तेव्हा ते ओट्याला टेकून बसले होते आणि एकच विचारत होते, "प्राची कुठे आहे? प्राची?" प्राची त्यांच्यासमोरच उभी राहून "बाबा, मी इथे आहे" म्हणत होती. त्यांना ते ऐकू जात नव्हते.

पुढचे पंधरा दिवस ते दवाखान्यात होते. जखमा भरल्या. उजवा कान गेला तो गेलाच, डाव्यानेही कमी ऐकू येऊ लागले. ज्याला आवाज ओळखता येत नाही, त्याच्या हाती बॉयलर देत नाहीत. कारखान्याने त्यांना गोदामात कापडाचे तागे मोजायला बसवले.

ते घरी आले त्या दिवशी शैलजाताई स्वयंपाकघरातल्या जमिनीवर त्यांच्यासमोर बसल्या. मोठ्याने बोलावे लागत होते, त्यामुळे त्यांचे रडणेही लपत नव्हते.

"मी केलं हे. त्या बाबूलालने बोललं होतं मला. मी ऐकलं नाही."

गोपीनाथरावांनी माझे वाकलेले झाकण मांडीवर ओढून घेतले. मग म्हणाले, "कारखान्यात मी रोज सुबह पहिले वाल्व बघायचो. बावीस साल. आणि इथे, ज्याच्यात माझ्या मुलीचं जेवण शिजतं, तो एकदाही नाही बघितला. तू एकटी रडू नको."

"मी गॅस बंद करायला पाहिजे होता," प्राची म्हणाली. ती त्या दिवसापासून हेच म्हणत होती.

"तू मला हाक मारली," ते म्हणाले. "तेच बरोबर केलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी शैलजाताईंनी तो भरीव खिळा माझ्या झाकणातून उपटून काढला आणि मुठीत धरला. बाबूलाल भियांना बरोबर घेतले आणि इमारतीतले एकेक दार वाजवायला सुरुवात केली. प्राचीही गेली. परत आल्यावर ओट्यापाशी उभी राहून ती बाबांना सगळे मोठ्याने सांगत होती, म्हणून मला कळले.

बेबी मावशी आधी हसल्या होत्या. "अगं, माझा तर एकदम ठीक आहे! तुझं ऐकूनच मी पण त्याच गाडीवरून नवीन वाल्व आणून टाकला." शैलजाताईंनी आधी त्यांच्या कुकरखालचा गॅस बंद केला. कुकर निवल्यावर झाकण काढले. वाल्व तसलाच, बिनठशाचा. नळी प्राचीने उजेडाकडे धरली आणि एक डोळा मिटून आत पाहिले. आत काळोख होता.

इमारतीत नऊ घरे आहेत. तसला वाल्व चार घरांत निघाला. शैलजाताई त्या शनिवारी हाटात गेल्या, पण ती हातगाडी तिथे नव्हती. कोणी म्हणाले, तो गाडीवाला महूकडे गेला. कोणी म्हणाले, असा कोणी येतच नाही. त्याने किती विकले आणि ते आज कुणाकुणाच्या झाकणात बसले आहेत, हे कोणालाच ठाऊक नाही.

मित्रांनो, तुमची आई विचार करून स्वयंपाक ठरवत असेल, उरलेले वाया घालवत नसेल, तर तिचे कौतुक करा, तिच्याशेजारी बसून यादी लिहा. शैलजाताईंच्या हातची ती वरणफळे मला आजही चांगली आठवतात. त्यात काही चूक नव्हती. फक्त जे सगळ्यांचा जीव राखते, ते यादीतून कापू नका.

आणि आज, गॅस पेटवण्याआधी, मोठ्या माणसाला बरोबर घेऊन घरच्या कुकरचे झाकण हातात घ्या. वाल्ववर ठसा आहे का ते वाचा. नळी उजेडाकडे धरा आणि आत बघा. पलीकडचा उजेड दिसला, तरच झाकण लावा.