पहिलं ताट

शेगड्या दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाचं लग्न मोडून तीन वर्षं झाली होती. भांडणतंटा फारसा झाला नाही. कपाट तिचं, सायकल याची, पुस्तकं निम्मी निम्मी, असं सगळं समंजसपणे वाटून झालं. सासूबाई कुणाच्या वाट्याला, हे मात्र कुणी विचारलं नाही. त्या अर्थातच लेकीच्या.

त्याची स्वतःची आई तो पाळण्यात असतानाच गेली होती. "आई" ही हाक त्याने आयुष्यात पहिल्यांदा मारली ती सासूबाईंना, वयाच्या एकतिसाव्या वर्षी.

वर्षाच्या शेवटच्या दुपारी दुकानातला फोन वाजला.

"शेगडीचा डावा बर्नर धड पेटत नाही. उद्या सकाळी माणूस पाठवाल का?"

आवाज ओळखायला त्याला क्षणही लागला नाही. उद्या सुट्टी आहे, असं भागीदार पलीकडून खुणा करून सांगत होता.

"पाठवतो," तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं, आपण पत्ता विचारला नाही. आणि सासूबाईंनीही सांगितला नाही.

त्या घरी नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी दोन पदार्थ ठरलेले असायचे. एक अख्खा मसूर. दाणा शिजून दुप्पट होतो, तसं घरातलं सगळं दुप्पट व्हावं म्हणून. आणि हातभर लांब शेवया. त्या तोडायच्या नाहीत, एका दमात ओढून खायच्या, म्हणजे आयुष्य लांबतं. "हे कुठलं शास्त्र?" असं सासऱ्यांनी, ते होते तेव्हा, एकदा विचारलं होतं. "माझं," असं उत्तर आल्यावर ते मुकाट्याने जेवले. पहिल्याच वर्षी नव्या जावयाच्या दाढीत शेवई अडकली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "अरे, आयुष्य तोंडात घाल, दाढीला कशाला देतोस?"

आणखी एक नियम होता. पहिलं ताट बाहेरच्या माणसाचं. पेपरवाला, शेजारीण, जो दारात येईल तो आधी जेवणार, घरचे मागून. सात वर्षं तो पोटात कावळे ओरडत असताना त्या पहिल्या माणसाची वाट बघत बसला होता.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता त्याने बेल दाबली. सासूबाईंनी दार उघडलं. केस पुष्कळ पांढरे झाले होते.

"तुमच्या दुकानात दुसरं कुणी नव्हतं वाटतं," त्या म्हणाल्या.

"सुट्टी आहे ना आज."

तो सरळ स्वयंपाकघरात गेला. डाव्या बर्नरची पितळी टोपी उचलून पाहिली. ती उलटी बसवलेली होती. टोपी पुसून सरळ कशी बसवायची, हे त्यानेच त्यांना शिकवलं होतं, आणि इतक्या वर्षांत त्यांनी ती एकदाही चुकवली नव्हती. त्याने टोपी सरळ केली, उगाच नळी तपासली, रेग्युलेटर बघितला, पिशवीतून ब्रश काढून भोकं साफ केली. दोन मिनिटांच्या कामाला त्याने अर्धा तास लावला. त्या ओट्याला टेकून मसूर निवडत राहिल्या.

"ती कशी आहे?" शेवटी त्याने विचारलं.

"बरी आहे. दिवस गेलेत तिला." मग जरा थांबून, "मला कायमचं बोलावलंय तिकडे. महिनाअखेर हे घर सोडते आहे."

"चांगलं झालं," तो म्हणाला. त्याला खरंच तसं वाटलं, आणि साफ झालेला बर्नर त्याने पुन्हा एकदा पुसला.

मसूर शिजला, शेवया झाल्या. त्यांनी एकच ताट वाढलं आणि त्याच्यासमोर ठेवलं.

"तुमचं?" त्याने विचारलं.

"मी मागून बसते. पहिलं ताट..." एवढं बोलून त्या थबकल्या. दोघांनाही एकदमच कळलं. सात वर्षं तो मागून जेवणारा होता.

तो ताटाकडे बघत राहिला. मग चमचा उचलला. मसूर तसाच होता, मीठ किंचित कमी. शेवई ओढताना मधेच तुटली. त्याने चोरून वर पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या, पण हात पुढे करून त्यांनी त्याच्या ताटात आणखी एक लांब शेवई वाढली.

"ही नीट खा."

त्याने खाल्ली, न तोडता. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा म्हणाला, "वाफ आहे."

"हो, गरम आहे," त्या म्हणाल्या.

मग त्याने उठून स्वतःच्या हाताने दुसरं ताट वाढलं आणि त्यांना बसवलं. त्या जेवेपर्यंत समोर बसून राहिला. दुकानाबद्दल बोलला, गुडघ्यांबद्दल विचारलं, तिकडे जिने किती चढावे लागतील ते विचारलं. फोन करीन, असं दोघांपैकी कुणीच म्हणालं नाही. लेकीच्या नव्या घरात तो फोन कसा वाजला असता?

निघताना त्याने पिशवी खांद्याला अडकवली, चपला घातल्या.

"येतो, आई."

"ये," त्या म्हणाल्या, आणि तो जिन्याच्या वळणावरून दिसेनासा होईपर्यंत दार धरून उभ्या राहिल्या.