डावीकडचा षड्ज

हेमावतीबाईंनी तिसरा हेडफोनही कानांवरून उतरवला आणि काउंटरवर परत सरकवला.

"हाही एकाच कानात वाजतो. डावी बाजू मुकीच."

"असं कसं हो अक्का? आत्ताच खोक्यातनं काढला की." कमरीपेठेतल्या त्या दुकानाचा मालक गुरुप्रसाद आता रडकुंडीला आला होता.

स्वस्त आणि पूर्ण कान झाकणारा, एवढंच बघायचं असतं तर खरेदी केव्हाच उरकली असती. पण हेडफोन एक आणि मालकिणी दोन. लेकीला, निवेदिताला, तो कॉम्प्युटरवरच्या गोळीबारासाठी हवा होता; शत्रूची पावलं कुठल्या बाजूने आली ते कळलं पाहिजे म्हणे. आईला हवा होता गाण्यासाठी, आणि धारवाडात उभा जन्म गाणं शिकवण्यात गेलेल्या बाईची परीक्षा काही साधी नव्हती. क्लासच्या तानपुऱ्याची सीडी त्या घरूनच घेऊन आल्या होत्या. दोन्ही कानांत षड्ज सारखा घुमला पाहिजे, मगच पुढचं बोलणं.

गुरुप्रसादने चौथा जोडला. बाईंनी डोळे मिटले. उजवीकडे जोडीच्या तारा भरून आल्या. डावीकडे काही नाही.

"उलटा घालून बघा की."

बाईंनी उलटा घातला. आता मुकी बाजू उजवीकडे यायला हवी होती. ती आली नाही. तानपुरा उजव्याच कानात स्वच्छ वाजत राहिला. त्यांनी हेडफोन पुन्हा सुलटा केला, पुन्हा उलटा केला.

गुरुप्रसादने न राहवून तो स्वतःच्या कानांवर चढवला. "एरडू कडे, अक्का! दोन्हीकडं झकास वाजतोय."

निवेदिताने तो त्याच्याकडून घेतला, क्षणभर ऐकला. "नाही हो. आई म्हणते तेच बरोबर. डावी बाजू खराब आहे. चल आई, दुसरीकडे बघू."

खोटं बोलताना पोरीची पापणीही हलली नाही. ती उभी होती आईच्या उजव्या हाताला. हल्ली जेवायलाही ती उजवीकडेच बसायची, आणि लेकीला माया आली म्हणून बाई सुखावल्या होत्या.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"गेल्या दिवाळीपासून." निवेदिताने मान खाली घातली. "देशपांडे नगरातल्या कानाच्या डॉक्टरांकडे जाऊया ना, आई."

"क्लासमधल्या मुलींना?"

निवेदिता वायर गुंडाळत राहिली.

बाईंना सविता आठवली. क्लासमध्ये त्यांच्या डाव्या अंगाला बसणारी. 'आवाज काढ, तोंडात गुळणी धरलीस काय' म्हणून त्या वर्षभर तिच्यावर ओरडल्या होत्या. बिचारी गळा फाटेस्तोवर ताणून गायची. शेवटी आवाजच बसला आणि तिने गाणं सोडलं. 'गळाच नव्हता हो तिला,' असं बाईंनीच तिच्या आईला सांगितलं होतं. बाकीच्या मुली तेव्हा समोर बसलेल्या होत्या. एकीनेही तोंड उघडलं नव्हतं. बाईंना तिथल्या तिथे मरून जावंसं वाटलं.

"मग काय करू अक्का? अजून एक काढू?" गुरुप्रसादने विचारलं.

बाईंनी सीडी परत मागून घेतली आणि पर्समध्ये टाकली.

"हिच्या खेळाला चालेल तो द्या," त्या म्हणाल्या. "गाण्यासाठी बघायचं नाही आता."