पाठीमागचा खिसा

तुम्ही कधी एखाद्या जाडजूड पुस्तकाच्या पाठीमागचा खिसा चाचपून पाहिला आहे का? नसेल, तर थोडा वेळ माझ्याजवळ बसा.

मी राज्याच्या कायद्यांचा नववा खंड बोलतोय. गर्द तांबडी बांधणी, कण्यावर सोनेरी अक्षरं, तीही आता अर्धी पुसलेली. टॅलो जिल्ह्याच्या कोर्टाखाली जे तळघर आहे, तिथल्या वाचनालयात माझं आयुष्य गेलं. इथं कोणीही यावं, फुकट वाचावं. वकील येतात, शेतकरी येतात, नवऱ्याशी पटत नाही म्हणून डोळे पुसत आलेल्या बायकाही येतात. कोणी बोट थुंकीनं ओलं करून माझी पानं उलटतं, तर कोणी कॉफीचा मग सरळ माझ्यावरच ठेवतं. एक गृहस्थ तर दर हिवाळ्यात माझ्यावर डोकं टेकून घोरायचे. मला ते आवडायचं. त्यांच्या श्वासासोबत मलाही डुलकी लागायची.

छताजवळ एक बुटकी खिडकी आहे. तिच्यातून फक्त रस्त्यावरचे पाय दिसतात. दुपारी उन्हाची तिरीप आत येते, धुळीचे कण तरंगू लागतात आणि मला माझा जन्म आठवतो. दूरच्या शहरातला छापखाना, ओल्या डिंकाचा वास. त्याच्याही आधी मी कुठंतरी पाइनचं झाड होतो, असं मला स्वप्नात दिसतं. माझ्यातली वाक्यं राजधानीत कोणीतरी भांडून, हात वर करून मंजूर केलेली आहेत. वारा आला की ते आवाज पानापानांतून कुजबुजतात.

पण कायदा काही झोपत नाही, दर वर्षी थोडा बदलतो. एवढ्यासाठी नवं पुस्तक कोण छापणार? म्हणून बदललेली कलमं एका पातळ पुरवणीत येतात आणि ती पुरवणी माझ्या मागच्या पुठ्ठ्याच्या खिशात सरकवून ठेवतात. म्हणजे माझ्या पोटात असतं कालचं आणि पाठीशी असतं आजचं. गंमत अशी, की माणसं पोट वाचतात आणि पाठ विसरतात.

आर्डिथ क्लॉसनरचंही तसंच झालं.

गेल्या शरदातली गोष्ट. आर्डिथ सत्तरीची, एकटी बाई. आयुष्यभर शाळेच्या भटारखान्यात मुलांना जेवण वाढलेलं. तिचा कुत्रा वॅफल शेजाऱ्याच्या हाताला चावला होता. शेजाऱ्याची हॅट उडून तिच्या अंगणात पडली, आणि ती काढायला त्यानं कुंपणावरून हात घातला. वॅफलला कोर्टामागच्या कोंडवाड्यात ठेवलं होतं. ती वाचनालयात आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुनावणी होती.

तिला तिच्या भावानं, व्हर्जिलनं, गाडीतून आणलं. वाचनालय सांभाळणाऱ्या नेल्डानं मला टेबलावर ठेवलं. आर्डिथनं चष्मा पुसला आणि बोट ठेवून कलम वाचलं.

“काय म्हणतंय पुस्तक?” व्हर्जिलनं विचारलं.

“माणसाला चावलेलं कुत्रं ठार करावं. एवढंच आहे रे.”

“मी सांगत होतो, मांजर पाळ. पण माझं ऐकेल ती आर्डिथ कसली!”

“गप बस, व्हर्जिल. तू स्वतः त्याला रोज सॉसेज चारतोस.”

 व्हर्जिल हातातली टोपी नुसती फिरवत राहिला.

आर्डिथनं मला मिटलं. दोन्ही तळवे माझ्यावर टेकवले. मला ओरडावंसं वाटलं, “बाई, पाठ बघा माझी, पाठ!” पण पुस्तकाचा आवाज माणसाच्या ओठांतून निघतो. माझे सगळे ओठ तेव्हा मिटलेले होते.

“नेल्डा,” आर्डिथ म्हणाली, “शाळेत तुला मी मॅकरोनी दोन डाव जास्त वाढायचे. आता तूच सांग, काही वाट आहे का?”

नेल्डानं भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं. ‘इथे पुस्तक मिळेल, सल्ला मिळणार नाही.’ कायद्याचा अर्थ सांगितला तर तिची नोकरी जाईल, हे त्या खोलीत सगळ्यांनाच माहीत होतं.

“मिसेस क्लॉसनर, कायद्यातलं मला काही बोलता येत नाही,” ती हळूच म्हणाली. “पण पुस्तक कसं हाताळायचं, ते मी सगळ्यांनाच सांगते. तुम्ही ते संपायच्या आधीच मिटलंत.”

“अगं, शेवटचं पान तर बघितलं!”

“त्याच्याही मागे बघा.”

आर्डिथनं मला पालथं केलं. तिच्या बोटांना खिसा लागला. पुरवणी बाहेर आली, आणि इतकी वर्षं पाठीवर वाहिलेलं ओझं कोणीतरी हातात घेतल्यासारखं मला वाटलं. कलम तेच होतं, शब्द नवे. कुत्रा पहिल्यांदाच आणि मालकाच्याच अंगणात चावला असेल, तर कुंपण उंच करण्याच्या आणि बाहेर नेताना मुसकं बांधण्याच्या अटीवर कोर्टाला तो परत देता येतो.

तिनं ते दोनदा वाचलं. मग व्हर्जिलकडे वळून म्हणाली, “जाळी आहे ना रे तुझ्या कोठारात?”

“आहे. आणि लावायला मीच येणार, दुसरं कोण आहे तुला?” व्हर्जिल म्हणाला. आणि त्यानं टोपी डोक्यावर चढवली.

आता वरच्या मजल्यावर संगणक आलाय, कायद्यातले नवे बदल यापुढे तिथंच दिसणार. माझ्या खिशातली ही पुरवणी शेवटची. पुढच्या वर्षी मी जुना होईन. मग माझ्यावर विसंबू नका. मला खुशाल कोणाच्या फळीवर शोभेला ठेवा. पण एक मागणं आहे. कागद असो की संगणक, नशिबाचा निकाल वाचून मान खाली घालण्याआधी विचारा, की हे आजचं आहे का, याच्या मागे अजून काही आहे का.

माझे डोळे मिटत चाललेत. पण आर्डिथचं पुढं काय झालं, ते सांगायचं राहिलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून तिचे तपकिरी बूट जाताना दिसले, आणि त्यांच्या शेजारून नवं मुसकं बांधलेला वॅफल काच हुंगत घरी गेला.