काळं म्हणजे मोकळं नाय

गोजरबाईंनी सोऱ्याचा दांडा असा काही दाबला, की कुरडई गोल पडायच्या ऐवजी लांबट, वेडीवाकडी पडली.

"परत एकदा सांग. उद्या त्या लोकांनी विचारलं, तर म्हणायचं काय?"

गच्चीच्या कठड्याला टेकून बसलेल्या सायलीनं नजर वर केली नाही.

"पडद्यावर काही नव्हतं."

"मोठ्यानं म्हण की. असं पुटपुटलीस तर कोण खरं मानंल? विमान चालवतीस का जप करतीस?"

चार दिवसांपूर्वी मुंबईहून येणारं सायलीचं विमान चिकलठाण्याच्या विमानतळावर उतरायच्या आधी वळवाच्या ढगात शिरलं होतं. गारांनी पत्रा ठोकून काढला. विमान एकदम खाली गेलं आणि तसंच वर फेकलं गेलं. पाण्याचे ग्लास गोळा करत उभी असलेली सोनिया, सायलीच्याच वयाची हवाईसुंदरी, छतावर आपटून खाली पडली. तिचं कमरेचं हाड मोडलं. विमान उतरलं, पण कॅप्टनला आणि त्याच्या शेजारी सहवैमानिक म्हणून बसलेल्या सायलीला कंपनीनं घरी बसवलं. उद्या मुंबईत सायलीची जबानी होती. कॅप्टनसाहेबांनी फोन करून सांगून ठेवलं होतं: दोघांनी एकच बोलायचं. रडारचा पडदा काळा होता, म्हणजे वाट मोकळी होती. ढग अचानक आला.

गोजरबाईंना हे पटलं होतं. सायली आली त्याच दिवसापासून त्यांनी गल्लीत बाजू लावून धरली होती. शेजारच्या दगडाबाईनं, "नात लई दिवस राहिली औंदा?" म्हणून विचारलं, तर, "चौकशी मोठ्या माणसांचीच होती, बाई. तुझ्या नातवाला कुणी विचारतंय का?" म्हणून तिला गप्प केलं होतं. मात्र घरात आल्यावर त्यांनी भर दुपारी दाराला कडी घातली होती.

"आजी, आम्ही शिरलो तिथं पडदा काळा होता हे खरंय," सायली म्हणाली. "पण काळं म्हणजे मोकळं नाही."

"म्हंजे?"

सायली उठली. दोरीवर धुतलेली जाड गोधडी वाळत होती, तिच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"रडार म्हणजे बॅटरी समज. समोरच्या पावसावर आपटून जेवढा उजेड परत येतो, तेवढंच ते दाखवतं. पाऊस जबर असला, तर सगळा उजेड तिथंच संपतो. मग पडद्यावर पुढं लाल दिसतं, आणि लालच्या मागं काळं. आता सांग, ह्या गोधडीमागं काय आहे?"

"काय असणार? कठडा. नि त्याच्यापल्याड आभाळ."

सायलीनं गोधडी वर उचलली. मागं लक्ष्मी उभी होती. सायलीची आई. हातात पिळलेली चादर, डोक्यावर पदर.

"तू कधीची हायेस गं तिथं?"

"मघापासून, आत्याबाई."

एवढं बोलून लक्ष्मीनं चादर झटकली आणि पलीकडच्या दोरीवर टाकायला लागली. गोजरबाईंनी मान फिरवली. सून कुठं उभी आहे, हे सत्तावीस वर्षांत त्यांना कधी बघावं लागलं नव्हतं.

"हे काळ्याचं तुला तवा ठाऊक होतं?"

"पहिल्या वर्षालाच शिकवतात."

"नि त्या कॅप्टनला?"

"त्यांनाही. पण लांबून वळसा घ्यायचा तर अर्धा तास जाणार होता. ते म्हणाले, लालच्या कडेनं जाऊ, मागं मोकळं दिसतंय."

"मग तू मूग गिळून का बसलीस? एवढी शाळा शिकलीस, एवढं शेत विकून..." गोजरबाईंनी सोऱ्या परातीत आपटला. "त्या पोरीचं कंबरडं मोडलं, नि तुला एक शब्द बोलाया येऊ नाय?"

कापडाच्या कडेला चीक वाळून चिकटला होता. सायली तो नखानं खरवडत राहिली.

"बोलले होते. 'सर, मागचं काळं खरं नसेल,' एवढं बोलले."

"मग?"

"ते हसले. म्हणाले, 'काय गं, तुझ्या आजीनं काय सांगितलं होतं मला?'"

गोजरबाईंना आपलेच शब्द आठवले.

दिवाळीत कॅप्टनसाहेब घरी जेवायला आले होते. त्यांच्या पोळीवर तुपाची धार धरत गोजरबाईच म्हणाल्या होत्या, "साहेब, पोरगी लई वळणाची हाय. मोठ्यांच्या शब्दापुढं शब्द काढायची नाय. काढला तर मला सांगा." साहेब खूष झाले होते. पुढं पंधरा दिवस गोजरबाईंनी ही गोष्ट गल्लीत सांगितली, फुलंब्रीला जाऊन भावकीत सांगितली. दर वेळी तूप थोडं वाढत गेलं.

"मग मी गप्प बसले," सायली म्हणाली. "तीन-चार मिनिटं होती, आजी. परत बोलता आलं असतं."

गोजरबाईंनी सोऱ्या उचलला. आतला चीक गार होऊन घट्ट झाला होता. दांडा हलेना. त्यांनी तो तसाच मांडीवर धरला.

"आतलं बोलणं टेप होतं म्हणं?"

"होतं. पण उतरल्यावर कुणी ते बंद केलं नाही, त्याच्यावर नवीन चढलं. आता ठाऊक आहे ते फक्त मला आणि सरांना."

"नि ती पोरगी?"

"काल दवाखान्यात विचारत होती. 'दीदी, तुम्हाला काही दिसलंच नव्हतं ना?'" सायलीचा आवाज बारीक झाला. "मी 'हो' म्हणून मान हलवली."

कुरडयांवर माशी बसली, ती हाकलायचंही गोजरबाईंना सुचलं नाही.

"खरं सांगितलं, तर?"

"वर्षभर उडू देणार नाहीत. कदाचित परत कधीच नाही."

"हं." गोजरबाईंनी कपाळावरचा घाम पदरानं पुसला. पदर तोंडावरून लवकर खाली आला नाही. मग त्या म्हणाल्या, "उद्या खरं सांग. सगळं. माझं बी."

"तुझं काय?"

"मी साहेबांना वाढताना काय बोलले ते."

"आजी, चौकशीत असलं कोण लिहून घेतं?"

"नाय घेतलं तरी तू सांगून ये. गोजरबाई म्हणावं, फुलंब्रीची. नाव नीट सांग."

नाव सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखा चढला नाही. सायली थोडा वेळ त्यांच्याकडं बघत राहिली, आणि मग बॅग भरायला खाली गेली.

गच्चीवर दोघीच उरल्या. लक्ष्मी पाठमोरी होती.

"तुला हे आधीच ठाऊक होतं," गोजरबाई म्हणाल्या.

"व्हय. आली त्याच दिवशी सांगितलं तिनं."

"सगळं? माझं बी?"

"व्हय."

"चार दिवस मी त्या लेकराकडनं खोटं घोकून घेतीय, नि तू आई असून एका शब्दानं..."

वाक्य तिथंच राहिलं. मोठ्यांपुढं शब्द काढायचा नाही, हे वळण लक्ष्मीला त्यांनीच लावलं होतं. वाऱ्यानं चादरीचं टोक वर उडालं, ते लक्ष्मीनं ओढून सरळ केलं.

गोजरबाईंनी परात बाजूला सारली. चटईवरचं कापड गोळा करून जागा केली. एका कडेच्या दोन कुरडया त्यात मोडल्या.

"बस."

"कपडे राहिलेत, आत्याबाई."

"राहू दे कपडे. हितं बस."

लक्ष्मी येऊन बसली, वीतभर अंतर ठेवून, पाय मुडपून. गल्लीत ज्यांच्या जिभेला सगळे टरकून असत, त्या गोजरबाई नुसत्या सुनेच्या ओल्या, सुरकुतलेल्या बोटांकडं बघत राहिल्या.

"बोल," त्या म्हणाल्या.

लक्ष्मीनं सवयीनं पदर पुढं ओढला.

"काय बोलू?"

"काय बी."

लक्ष्मीनं खाली घातलेली मान वर केली नाही. गोजरबाईंनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. उन्हात डोळे बारीक करून त्या थांबून राहिल्या.