तिसऱ्या आग्रहाची पॉलिसी

ब्रेकेट गावच्या ल्युथरन चर्चच्या तळघरात दर रविवारी प्रार्थनेनंतर कॉफी होते आणि ताटातल्या शेवटच्या लेमन बारची विटंबना होते. शेवटची वडी उचलणं म्हणजे हावरटपणा. म्हणून कुणीतरी ती अर्धी कापून घेतं, दुसरा त्या अर्ध्याची अर्धी घेतो, तिसरा त्याचीही अर्धी, आणि शेवटी नखाएवढा चुरा ताट विसळणाऱ्या बाईच्या वाट्याला येतो. गावाची रीतच तशी. कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा ‘छे छे’ म्हणायचं, दुसऱ्यांदा ‘कशाला उगीच त्रास’, आणि तिसऱ्यांदा ‘आता एवढं म्हणतोच आहेस तर’ असं म्हणून दोन उचलायच्या. देणाराही तीनदा विचारल्याशिवाय ताट मागे घेत नाही. व्हर्लिन टॉलेफसनची चौऱ्याहत्तर वर्षं या रीतीवर बिनबोभाट गेली होती. लग्नाचंसुद्धा आर्डिसनंच विचारलं होतं, तीनदा.

पॉलिसीही त्याला याच तळघरात मिळाली. रॉली ग्रिंडे चर्चचा खजिनदार, शाळेत व्हर्लिनच्या एक वर्ग मागे, आणि धंद्यानं विमेवाला. एका हातात दानाची पेटी आणि दुसऱ्या हातात माहितीपत्रक घेऊन तो फिरायचा, आणि कुठल्या हातात काय आहे याची त्याची कधी गफलत झाली नाही.

“सरकारी विमा म्हणजे आखूड पांघरूण, व्हर्लिन,” नऊ वर्षांपूर्वी तो म्हणाला होता. “डोकं झाकलं की पाय उघडे. मी फक्त मोजे विकतो. दवाखान्यात भरती झालास की दिवसाला रोख तीनशे डॉलर. तुझ्या हातात. त्याची विहीर खण नाहीतर मासे पकडायला जा, कुणी विचारणार नाही.”

व्हर्लिन दोनदा नको म्हणाला. रॉली तिसऱ्यांदा बोलला आणि महिना बावन्न डॉलर सुरू झाले.

मग नऊ वर्षं व्हर्लिनला काहीच झालं नाही. साधी शिंक आली तरी ती घरीच बरी व्हायची. यंदा ऑगस्टमध्ये आर्डिसनं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं गुणाकार केला आणि आकडा नवऱ्याला वाचून दाखवला.

“पाच हजार सहाशे सोळा. तू ठणठणीत राहावास म्हणून आपण रॉलीला पगार देतोय.”

“अगं, ही सोय आहे. अडीअडचणीची.”

“कॅरिन ॲरिझोनाला जाऊन सहा वर्षं झाली. मी दर हिवाळ्यात म्हणते, लेकीकडे जाऊ या. तू दर हिवाळ्यात म्हणतोस, परवडलं तर बघू. आणि इकडे रॉलीची बायको दुसऱ्यांदा हवाईला गेली.” आर्डिसनं पेन्सिल कानामागे खोचली. “आता ऐक. डिसेंबर उजाडेपर्यंत या कागदानं घरात एक डॉलर जरी आणला, तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही आणला तर पॉलिसी बंद आणि ते पैसे माझ्या तिकिटाला.”

व्हर्लिन कबूल झाला. सवाल आता पैशाचा उरला नव्हता. नऊ वर्षं आपण शहाणपणा केला की मूर्खपणा, याचा निकाल लागायचा होता. त्यानंतर तो पन्हळी साफ करायला शिडीवर जरा जास्तच चढू लागला, असं शेजारी सांगतात. पण शिडी भक्कम निघाली.

नोव्हेंबरात चर्चचं वार्षिक माशाचं जेवण झालं. लोण्यात पोहणारा मासा व्हर्लिननं तिसऱ्या आग्रहाखातर तीनदा घेतला, आणि गाडीत बसता बसता त्याच्या उजव्या बरगडीखाली कुणीतरी पाना घालून पिळल्यासारखं झालं. तो पांढराफटक पडला. तशाही अवस्थेत त्यानं पहिला फोन केला तो रॉलीला.

“भरतीच हो,” रॉली म्हणाला. “नुसतं खाटेवर पडून भागत नाही. कागदावर ‘भरती’ असं आलं पाहिजे. पान चौदा. आणि काळजी घे रे बाबा.”

दवाखाना चाळीस मैलांवर. गाडी आर्डिस चालवत होती.

“दहापैकी किती दुखतंय विचारतील. काय सांगशील?”

“जरासं.”

“व्हर्लिन! नऊ सांगायचं. नऊ. म्हण.”

“अगं, नऊ म्हणजे...” त्यानं खिडकीच्या काचेला कपाळ टेकवलं. “बरं, बघतो.”

त्याची अडचण खरी होती. दहा म्हणजे मेलेली माणसं, असा त्याचा हिशेब. नऊवर इंगवाल्ड मोएन बसला होता, ज्याचा हात ब्याऐंशी साली मका काढायच्या यंत्रात गेला, आणि जो म्हणाला होता, बरं झालं, डावा होता. स्वतः इंगवाल्डनं सहाच्या वर आकडा सांगितला नसता. मग माशानं पोट दुखणाऱ्यानं कुठल्या तोंडानं नऊ म्हणायचं?

आर्डिस खिडकीशी अर्ज भरत राहिली आणि व्हर्लिनला आत नेलं. डॉक्टर होत्या कॅस्टेलानोबाई, न्यू जर्सीच्या, इथे येऊन पाच आठवडे झालेल्या. भराभर बोलणाऱ्या, आणि बोललेलं खरं मानणाऱ्या.

“शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?”

“असेल दोन,” व्हर्लिन म्हणाला. मग बायकोची आठवण होऊन त्यानं मन घट्ट केलं. “अडीच.”

“अडीच? मिस्टर टॉलेफसन, तुम्ही खाटेची दांडी वाकवताय.”

“ती आधीच जरा वाकडी असावी.”

डॉक्टरांनी पोट दाबलं. व्हर्लिनच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यानं खोलीत धूळ असल्याचं सांगितलं.

“पित्ताशयात खडे दिसतायत. रक्ताचे आकडे अगदीच वाईट नाहीत, म्हणजे हे भरतीच्या रेषेच्या अलीकडचंही धरता येईल आणि पलीकडचंही. मला वाटतं तुम्हाला भरती करून घ्यावं. चालेल?”

व्हर्लिनला दुखण्यातही गुदगुल्या झाल्या. नऊ वर्षं ज्या शब्दाची वाट पाहिली, तो शब्द ताटात घालून समोर आला होता. त्यानं सभ्य माणसासारखं तोंड फिरवलं.

“छे छे. माझ्यासाठी कशाला? खाट कुणा गरजूला द्या.”

“नक्की?”

हा दुसरा आग्रह धरावा की पहिल्याचंच शेपूट? व्हर्लिननं क्षणभर विचार केला आणि दुसरा धरला.

“कशाला उगीच तुम्हाला त्रास.”

आणि तो तिसऱ्याची वाट बघत, ‘आता एवढं म्हणताच आहात तर’ जिभेच्या टोकावर घेऊन पडून राहिला.

“ठीक आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “मग भरती नको. देखरेखीखाली ठेवू.” आणि लिहायला लागल्या.

जोडी नावाची नर्स ब्रेकेटचीच पोर. तिच्या हातातली सुई तशीच राहिली. “डॉक्टर, त्यांना अजून एकदा विचारा ना.”

“कशाला? दोनदा नाही म्हणाले ते.”

“म्हणूनच.”

डॉक्टरांनी जोडीकडे असं पाहिलं, जणू हिला सुट्टीची गरज आहे, आणि त्या पुढच्या पडद्याआड गेल्या.

आर्डिस आली तेव्हा त्याला वरच्या मजल्यावर नेत होते. “भरती केलं?”

“होतंय,” व्हर्लिन म्हणाला.

दोन रात्री तो तिथे राहिला. मागून उघडा असलेला तोच झगा, तीच सलाईन, तीच हिरवी जेली. शेजारच्या खाटेवरचा माणूस रीतसर भरती होता आणि त्याची जेलीही हिरवीच होती. रोज सकाळी डॉक्टर विचारायच्या, “आज कसं वाटतंय?” आणि व्हर्लिन सांगायचा, “तक्रार नाही.” भरतीचं त्या पुन्हा काढतील म्हणून तो वाट बघायचा. दुसऱ्या दिवशी मात्र त्याची खात्री पटली, की खाट, खिडकी आणि मनगटावर नावाची पट्टी एवढं सगळं दिल्यावर ही बाई आणखी काय विचारणार? तिसरा आग्रह झाल्यातच जमा. त्यानं रुमालाच्या कागदावर तीन दिवसांचे नऊशे मांडले आणि आर्डिसला दाखवले. आर्डिसनं कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. व्हर्लिनला वाटलं की हरलेली बायको अशीच दिसत असावी.

डिसेंबरच्या चार तारखेला रॉली स्वतः घरी आला. टोपी हातात, चेहरा मयताच्या घरी असावा तसा.

“वाईट बातमी आहे, व्हर्लिन. कंपनी म्हणते, तू भरतीच नव्हतास.”

“मी तिथे दोन रात्री झोपलो, रॉली. तू भेटायला आलास. माझी जेली खाल्लीस.”

“झोपलास. पण देखरेखीखाली झोपलास. पान चौदा.”

“खाट तीच होती रे!”

“खाटेचं काय घेऊन बसलास? कंपनी कागदाला पैसे देते.” रॉलीनं खुर्ची पुढे ओढली, चेहऱ्यावरचं मयत संपलं आणि आतल्या खिशातून घडीचा कागद निघाला. “आता तुझ्यासारख्यांसाठीच नवीन पुरवणी आलीय. देखरेखीचेही दिवस धरतात. महिना फक्त एकोणीस जास्त. आज करून टाकू?”

“छे छे,” व्हर्लिन म्हणाला.

“पुढच्या दुखण्याला कामी येईल. करू?”

“कशाला उगीच.”

रॉलीनं पेनाचं टोपण काढलं. चाळीस वर्षांच्या धंद्यात त्यानं या जागी कधी घाई केली नव्हती. त्यानं श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

“ही घे तुझी टोपी,” आर्डिस म्हणाली. ती ओट्यापासून कधी आली ते दोघांनाही कळलं नाही. “दोनदा नको म्हणाला तो. चाळीस मैलांवर तेवढं पुरतं, जोडीनं सांगितलंय मला. आजपासून या घरातही पुरेल.”

“आर्डिस, मी अजून तिसऱ्यांदा विचारलंच नाही...”

“म्हणूनच टोपी देतेय. आणि जुनी पॉलिसीही बंद कर. कॉफी घेतोस?”

“छे छे,” रॉली सवयीनं म्हणाला.

“बरं,” आर्डिस म्हणाली, आणि किटली उचलून आत ठेवली.

रॉली गेल्यावर तिनं चष्मा लावला, फोनवर विमानाच्या तिकिटांचं पान उघडलं आणि नवऱ्याकडे न बघता विचारलं, “सोळा तारीख, ट्यूसनला, कॅरिनकडे. सहा आठवडे. तू येतोस ना?”

व्हर्लिनला जायचं होतं. कॅरिनच्या अंगणात संत्र्याचं झाड होतं आणि जानेवारीत तिथे नुसत्या सदऱ्यावर बसता येतं, असं त्यानं ऐकलं होतं. बाहेर उणे वीस होतं.

“छे गं,” तो म्हणाला. “मी कशाला? तू जा.”

“बरं,” आर्डिस म्हणाली, आणि तिनं एका तिकिटावर बोट दाबलं.

बारा दिवस व्हर्लिन दुसऱ्या आग्रहाची वाट बघत होता. बॅग भरताना तो दारात उभा राहिला. विमानतळावर तिची बॅग त्यानं आतपर्यंत नेली आणि हातातून सोडलीच नाही. आर्डिसनं ती सोडवून घेतली, त्याच्या गालाचा मुका घेतला आणि ती म्हणाली, “फ्रीजमध्ये लेमन बार आहेत.”

होते. चौथ्या दिवशी एकच उरला. व्हर्लिननं सुरी घेतली आणि तो बरोब्बर अर्धा कापला.