रंगवार लावलेली चारशे पुस्तकं

अठरा वर्षं जिनं एका विद्यापीठाचं ग्रंथालय सांभाळलं, तिला पुस्तक कपाटात उभं कसं ठेवायचं हे शिकवायला इथल्या ग्रंथालयाच्या मॅडमनी तीन आठवडे घेतले. वर "छान जमतंय हं" म्हणून पाठही थोपटली. परदेशातून आलेल्यांना ग्रंथालयाच्या नोकरीत आणायची योजना होती ना ही. म्हणजे आलेल्यांना काही येत नाही हे आधीच धरून चालायचं. तिच्या बिल्ल्यावर 'शिकाऊ' लिहिलं होतं. लिहू देत. आपण तिला ग्रंथपालच म्हणू, कारण ती होतीच.

तिला मॅडमकडून एक शिफारसपत्र हवं होतं, बस्स. पत्रावर कायमची नोकरी, आणि नोकरी लागली तरच नवरा आणि लेक इकडे येणार. म्हणून बाई तोंडाला कुलूप लावून होती.

ग्रंथालयात तिच्या भाषेचा नवा विभाग सुरू होणार होता; त्या समारंभाच्या आदल्या दिवशी तिनं त्यातली चारशे पुस्तकं लेखकवार लावली. सकाळी येऊन बघते तर मॅडमनी सगळी रंगवार लावून टाकलेली. का, तर फोटो चांगला येतो. मॅडमना ती लिपी ओ की ठो कळत नव्हती, पण पत्रात ठोकून दिलं होतं, 'पुस्तकं क्रमानं लावता येत नाहीत. आणखी एक वर्ष शिकवावं.' पत्र टेबलावर उघडंच पडलं होतं. वाचून ग्रंथपालच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणखी वर्षभर लेकीला फोनवर काय सांगायचं?

समारंभाला पाहुणे तिच्याच देशातले प्राध्यापक. भाषण संपवून त्यांनी व्यासपीठावरूनच हौसेनं एक कवितासंग्रह मागितला. "आत्ता देते," म्हणत मॅडम तुरुतुरु कपाटाकडे. निळी पालथी घातली, हिरवी पालथी घातली. एक तर उलटं धरून निरखलं. अध्यक्ष घड्याळ बघायला लागले, तशा मॅडम ग्रंथपालच्या कानाशी लागल्या.

"अगं, दे ना शोधून."

"मला क्रम कुठे येतो, मॅडम? अजून वर्षभर शिकायचंय."

मॅडमचा चेहरा खर्रकन उतरला. "पत्र वाचलंस होय. बदलते मी ते."

"बदला. मी थांबते."

कोपऱ्यातल्या टेबलावर वाकून मॅडमनी नवं पत्र लिहिलं, सही केली, शिक्का मारला. ग्रंथपालनं ते सावकाश दोनदा वाचलं आणि पर्समध्ये ठेवलं. मग पिवळ्या पुस्तकांतून एक काढून प्राध्यापकांच्या हातात दिलं.

परत येताना ती मॅडमपाशी थांबली आणि त्यांची पाठ थोपटली.

"छान जमतंय हं," ती म्हणाली.